सप्ताहाचं कीर्तन यूट्यूबवर लाइव्ह: आधी आवाज, मग इंटरनेट, कॅमेरा शेवटी

सप्ताहाची वर्गणी जमायला लागली की कुणीतरी म्हणतं, यंदा कीर्तन यूट्यूबवर लाइव्ह दाखवू. मुंबई-पुण्यात आणि सुरतेत कामाला गेलेली मंडळी घरी बसून बघतील. आणि लगेच कॅमेऱ्याची चौकशी सुरू होते. पहिल्या रात्री चित्र झकास दिसतं, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. दुसऱ्या रात्री तासाभरात चित्र गोठतं. तिसऱ्या रात्रीपासून बघणारे घटतात आणि मंडळात निष्कर्ष निघतो: कॅमेरा हलका होता.

गडबड कॅमेऱ्यात नसते, कामाच्या क्रमात असते. कीर्तन ही ऐकायची गोष्ट. चित्र थोडं धूसर असलं तरी माणूस बसून राहतो; अभंगाचा चरण कळेनासा झाला की उठतो. त्यामुळे पैसा आणि वेळ आधी आवाजावर घालवा, मग इंटरनेटवर, आणि उरला तर कॅमेऱ्यावर.

इथे गृहीत धरलंय ते असं: गावातला मंडप, रात्री ९ ते ११ कीर्तन, सात दिवस, एक लॅपटॉप, एक कॅमेरा आणि चित्र-आवाज एकत्र करून यूट्यूबला पाठवणारं ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर. व्याख्यानमाला किंवा भजन स्पर्धा असली तरी क्रम हाच.

## टप्पा १: चॅनेल आणि परवानगी (किमान पंधरा दिवस आधी)

यूट्यूबवर लाइव्ह करायला चॅनेल मोबाइल नंबरने व्हेरिफाय करावं लागतं. पहिल्यांदा लाइव्हची सोय मागितली की ती सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. सप्ताह सुरू होण्याच्या दिवशी दुपारी हे लक्षात आलं तर पहिलं कीर्तन गेलंच म्हणून समजा.

मोबाइलच्या यूट्यूब ॲपमधून थेट लाइव्ह जायचं तर चॅनेलला किमान ५० सबस्क्रायबर लागतात. लॅपटॉपवरून ओबीएसने जायला ही अट नाही. नव्या चॅनेलने लॅपटॉपचा रस्ता धरायचं हे एक कारण. दुसरं कारण आवाज, ते पुढे येईलच.

चॅनेल कुणाच्या नावावर काढायचं हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. हौशी पोराच्या खासगी जीमेलवर चॅनेल निघतं, पोरगा नोकरीला बाहेर जातो, पुढच्या वर्षी पासवर्ड कुणालाच आठवत नाही. देवस्थानच्या किंवा मंडळाच्या नावाने वेगळं खातं काढा आणि यूट्यूब स्टुडिओतल्या (चॅनेल सांभाळायची यूट्यूबची साइट) परमिशन्समधून आणखी दोघांना प्रवेश द्या. पासवर्ड वाटत बसू नका.

फेसबुक का नको, असं विचारणारे भेटतीलच. फेसबुकवर लाइव्हसाठी खातं किमान ६० दिवस जुनं आणि १०० फॉलोअर असावे लागतात. शिवाय २०२५ पासून तिथले लाइव्ह व्हिडिओ ३० दिवसांनी आपोआप काढून टाकले जातात. काल्याचं कीर्तन पुढच्या वर्षी ऐकायचं असेल तर यूट्यूबच बरं.

परवानगीचं काम फोन करून आधीच उरका. सातही महाराजांना तारीख पक्की करतानाच विचारा: लाइव्ह दाखवलं तर चालेल का, आणि नंतर चॅनेलवर ठेवलेलं चालेल का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अनेक कीर्तनकारांची स्वतःची चॅनेलं असतात आणि त्यांचं म्हणणं वेगळं असू शकतं. महाराज फेटा बांधून गादीकडे निघाले असताना हे विचारणं बरोबर नाही.

तपासा: यूट्यूब स्टुडिओत वर उजवीकडे क्रिएट, मग गो लाइव्ह दाबल्यावर स्ट्रीमचं पान उघडतंय का? '२४ तासांनी या' असं दिसत असेल तर थांबा आणि उद्या पुन्हा बघा.

## टप्पा २: आवाज

सगळ्यात आधी साउंडवाल्याला भेटा. मंडप उभा राहिल्यावर भेटून उपयोग नाही, तेव्हा तो शिडीवर असतो. त्याला एकच विचारायचं: मिक्सरवर मोकळा ऑक्स (भोंग्यांपासून वेगळा आवाज बाहेर काढायची जादा लाइन) आहे का, आणि तो प्री-फेडर (भोंग्यांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्टीच्या आधीच निघणारा) करता येतो का?

कारण असं. मंडपात पखवाज आणि टाळ मुळातच मोठ्याने वाजतात. साउंडवाला ते भोंग्यांवर फार सोडत नाही, सोडले तर महाराजांचा शब्द बुडेल. म्हणजे मिक्सरच्या मेन आउटमध्ये (भोंग्यांकडे जाणाऱ्या लाइनमध्ये) महाराजांचा आवाज भरपूर, पखवाज जेमतेम आणि वीणा जवळजवळ नाहीच. मंडपात बसलेल्याला सगळं ऐकू येतं, कारण अर्धा आवाज त्याला थेट मिळतो. मेन आउटची लाइन जशीच्या तशी लॅपटॉपला दिली तर घरी बसलेल्याला फक्त महाराज ऐकू येतात, आणि चालीवर अभंग सुरू झाला की सगळं कोरडं वाटतं.

ऑक्सवर लाइव्हसाठी वेगळं मिश्रण करता येतं. त्यात महाराजांचा माइक पूर्ण, चाल धरणाऱ्या गायकांचा त्याच्या थोडा खाली, पखवाज भोंग्यांपेक्षा बराच वर, पेटीही. टाळांना वेगळा माइक असेल तर तो लाइव्हमध्ये बंदच ठेवा; बाकीच्या माइकमधून टाळ नको तेवढे येतातच.

प्री-फेडर का? कीर्तन चालू असताना साउंडवाला शिट्टी मारणारा माइक खाली ओढतो, कुणाचा वर करतो. पोस्ट-फेडर लाइन असेल तर ती प्रत्येक हालचाल घरी ऐकू येते. प्री-फेडरला त्याचा त्रास नाही.

रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने बंदी आहे. काही ठराविक दिवसांना शासन सूट देतं. सूट नसेल तर साउंडवाला दहाला भोंगे बंद करतो, आणि बऱ्याचदा सरळ मिक्सरच बंद करतो. तेवढ्यात लाइव्हचा आवाज मेला. त्याला आधीच सांगून ठेवा: ॲम्प्लिफायर बंद कर, मिक्सर चालू राहू दे. भोंगे नसले तरी घरच्या श्रोत्यांना कीर्तन शेवटपर्यंत ऐकू जाईल.

आता जोडणी. मिक्सरची लाइन लॅपटॉपच्या किंवा मोबाइलच्या माइकच्या भोकात थेट घालू नका. ते भोक माइकच्या बारीक सिग्नलसाठी असतं, मिक्सरचा सिग्नल त्याच्या कितीतरी पट जोरदार. आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कशानेही नीट होत नाही. मध्ये लाइन इनपुट असलेला छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस लागतो. तो विकत घ्या किंवा भाड्याने आणा, पण यावर काटकसर नको.

श्रोत्यांचा गजर मिक्सरमध्ये येत नाही, कारण लोकांपुढे माइकच नसतो. 'पुंडलिक वरदा' म्हटल्यावर घरच्याला समोरून काहीच ऐकू आलं नाही तर ते फार विचित्र वाटतं. मंडपाचा आवाज घ्यायला कॅमेऱ्याचा माइक चालू ठेवा, मात्र अगदी हळू. कॅमेरा स्टेजपासून १५ मीटरवर असेल तर भोंग्यांचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचायला ४० मिलिसेकंदांहून जास्त लागतात. हा माइक मोठा केला की प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

सावधान: लाइनमध्ये सतत 'घूं' आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या लूपचा आहे. मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डवरून चालवा. तरी गेला नाही तर साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स (हा लूप तोडणारी छोटी डबी) मागा. चार्जरची अर्थची पिन तोडण्याचा गावठी उपाय कुणी सुचवेल, तो करू नका. ओल्या जमिनीवर, लोखंडी स्टेजच्या शेजारी ते जिवावर बेतू शकतं.

## टप्पा ३: इंटरनेट

स्पीड टेस्टमध्ये लोक डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूश होतात. आपल्याला हवा अपलोड. तोही सप्ताहाच्या जागी, कीर्तनाच्या वेळेला. दुपारी रिकाम्या मैदानात घेतलेल्या आकड्याला अर्थ नाही: रात्री मंडपात हजार माणसं आली की त्यांचे हजार फोनही त्याच टॉवरवर येतात.

रात्री नऊ, दहा आणि अकराला मोजा. तीनपैकी सर्वांत कमी आकडा धरा आणि त्याचा निम्माच वापरायचा असं ठरवा. अपलोड ६ एमबीपीएस मिळत असेल तर ३ पर्यंत जा. ७२० पी चित्राला २५०० केबीपीएस म्हणजे २.५ एमबीपीएस पुरतात. कीर्तनात क्रिकेटसारखी पळापळ नसते. १०८० पीचा हट्ट पहिल्या वर्षी सोडा.

शक्य असेल तर जवळच्या घरातून, शाळेतून किंवा ग्रामपंचायतीतून फायबरची जोडणी घ्या आणि तिथून लॅपटॉपपर्यंत लॅनची वायर ओढा. ही वायर १०० मीटरपर्यंत व्यवस्थित चालते. वाय-फायवर विसंबू नका. गर्दीत ते कधी दगा देईल सांगता येत नाही. आणि त्या जोडणीवर आणखी काय चाललंय ते विचारा. मंदिराचे सीसीटीव्ही कॅमेरे त्याच राउटरवरून कुठेतरी चित्र पाठवत असतील तर तुमचा अपलोड तेच खाताहेत.

फायबर नसेल तर मोबाइल डेटा. इथे एक हिशेब पाठच करा. २५०० केबीपीएस चित्र आणि १२८ केबीपीएस आवाज मिळून तासाला साधारण १.२ जीबी जातात. दीड जीबी रोजचा पॅक असेल तर तो सव्वा तासात संपतो, आणि मग वेग ६४ केबीपीएसवर येतो. 'तासाभराने चित्र गोठतं' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं, आणि लोक मात्र लॅपटॉप बदलत बसतात. दोन तासांच्या कीर्तनाला अडीच जीबी, आरती-पसायदान धरून तीन. वेगळा डेटा पॅक टाका. 5जी अमर्याद आहे म्हणून निश्चिंत राहू नका. अनेक प्लॅनमध्ये फोन 4जीवर उतरला की रोजची मर्यादा लागू होते.

दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला दुसरा फोन हॉटस्पॉट लावून तयार ठेवा. एकाच कंपनीची दोन सिम म्हणजे एकाच टॉवरवर दोनदा विसंबणं.

तपासा: हॉटस्पॉटचा फोन चार्जिंगवर आणि गादी-सतरंजीपासून दूर, हवेशीर जागी आहे ना? तापलेला फोन स्वतःहून वेग कमी करतो. त्यावर येणारे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवा.

## टप्पा ४: वीज

लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. लाइट गेली आणि जनरेटर दहा सेकंदांत सुरू झाला, तरी राउटर पुन्हा उठून नेट पकडायला एक-दोन मिनिटं घेतो. राउटरला छोटा यूपीएस लावा. फायबर शेजारच्या घरातून घेतलं असेल तर यूपीएस त्या घरात हवा, मंडपात नव्हे. हे हमखास विसरलं जातं.

लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेसचा बोर्ड स्टेजच्या लाइटिंगपासून वेगळा घ्या. कॅमेराही चार्जर लावूनच चालवा.

## टप्पा ५: कॅमेरा

हँडीकॅम किंवा मिररलेस कॅमेरा असेल तर एचडीएमआय वायर आणि ते चित्र लॅपटॉपला देणारं कॅप्चर कार्ड लागतं. कॅमेऱ्याच्या मेनूत आधी दोन गोष्टी बघा: एचडीएमआयमधून चित्रावरचे आकडे आणि चौकोन काढता येतात का, आणि आपोआप बंद होण्याची सोय बंद करता येते का. कॅमेरा नसेल तर चांगला फोन यूएसबीने वेबकॅम म्हणून जोडा, काम भागतं.

जागा ठरवताना आरतीचा विचार करा. बसलेल्या लोकांच्या डोक्यावरून चित्र छान दिसतं. गजराला सगळे उभे राहिले की स्क्रीनवर फक्त टोप्या. कॅमेऱ्याची भिंग उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर हवी. मंडपाच्या मागे बाकांवर पक्का मचाण बांधा किंवा बाजूच्या खांबाला कॅमेरा कसून बांधा. पुरुष आणि महिला यांच्या मधल्या वाटेत ट्रायपॉड ठेवू नका. तिथून ये-जा चालू असते आणि एक धक्का पुरतो.

महाराजांचं पांढरं धोतर, पांढरं उपरणं आणि मागे गडद फ्लेक्स. कॅमेरा ऑटोवर असेल तर तो गडद भाग उजळवायला जातो आणि महाराजांच्या जागी पांढरा ठिपका उरतो. चेहऱ्यावर मोजून एक्स्पोजर लॉक करा. फोकसही लॉक करा, नाहीतर टाळकरी पावली खेळायला लागले की कॅमेरा गोंधळतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा आणि सेकंदाला २५ फ्रेम. ३० फ्रेम आणि १/६० शटरवर मंडपाच्या दिव्यांची लुकलुक चित्रात पट्ट्यांसारखी सरकते. मागे एलईडी स्क्रीन लावली असेल तर ती चालू करून, प्रत्यक्ष चित्रात बघूनच शटर ठरवा.

## टप्पा ६: ओबीएसची मांडणी

हे सगळं घरी बसून, शांतपणे करा.

१. व्हिडिओ सेटिंगमध्ये बेस आणि आउटपुट दोन्ही १२८० बाय ७२०, फ्रेम २५.

२. आउटपुटमध्ये बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) २५०० केबीपीएस, रेट कंट्रोल सीबीआर, कीफ्रेम इंटरव्हल २ सेकंद. कीफ्रेमच्या जागी शून्य ठेवला की यूट्यूब स्टुडिओ इशारे देत राहतो. लॅपटॉपमध्ये हार्डवेअर एन्कोडर (चित्र दाबून लहान करणारी वेगळी चिप) दिसत असेल तर तो निवडा, जुना लॅपटॉप तापणार नाही.

३. ऑडिओ १२८ केबीपीएस. सॅम्पल रेट ओबीएसमध्ये आणि इंटरफेसमध्ये एकच ठेवा.

४. डेस्कटॉप ऑडिओ आणि लॅपटॉपचा स्वतःचा माइक बंद. नाहीतर निरूपण रंगात आलेलं असताना व्हॉट्सॲपचा 'टिंग' गावभर.

५. मिक्सरची लाइन एकाच बाजूला, समजा डावीकडे, येत असेल तर ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये मोनोवर टिक करा. हे राहिलं तर एकाच कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्याला आवाजच नाही, आणि तुम्हाला लॅपटॉपवर सगळं ठीक वाटत राहतं.

६. लाइनवर लिमिटर हा फिल्टर लावा, उणे ६ डेसिबलवर. गजराला आवाज उसळला तरी फाटणार नाही.

७. रेकॉर्डिंगही चालू ठेवा, एमकेव्ही फाइलमध्ये. लॅपटॉप मध्येच बंद पडला तरी तोवरचं शाबूत राहतं. नेटने घात केला तरी कीर्तन हातात असतं.

मीटर कुठे असावा? बोलताना काटा पिवळ्या पट्ट्यात खेळावा. गजराला क्षणभर लाल चालेल. बोलतानाच लाल असेल तर मिक्सरवरून ऑक्स कमी करायला सांगा. ओबीएसमधला स्लायडर खाली ओढून फाटलेला आवाज शिवला जात नाही.

आता ओठ आणि आवाज यांचा मेळ. वायरने आलेला आवाज लवकर पोहोचतो, कॅमेऱ्याचं चित्र उशिरा. कुणाला तरी कॅमेऱ्यासमोर टाळाचा एक ठोका मारायला सांगा, रेकॉर्डिंग हळू चालवून बघा. आवाज आधी येत असेल तर लाइनच्या सिंक ऑफसेटमध्ये १०० मिलिसेकंदांपासून वाढवत जा. एकदा जमलं की वायर किंवा कार्ड बदलेपर्यंत पुन्हा हात लावायची गरज नाही.

## टप्पा ७: यूट्यूबवर पान तयार करणं

लाइव्ह ऐनवेळी सुरू न करता शेड्यूल करा, म्हणजे लिंक आधी मिळते. शीर्षकात गावाचं नाव, तालुका, दिवस कितवा आणि महाराजांचं नाव बिनचूक लिहा. फ्लेक्सवर छापलेलं नाव एकदा खुद्द महाराजांकडून तपासून घ्या. फ्लेक्सवाल्यावर भरवसा ठेवू नका.

लेटन्सी, म्हणजे चित्र बघणाऱ्यापर्यंत पोहोचायला लागणारा उशीर, नॉर्मल ठेवा. कमी लेटन्सी प्रश्नोत्तरांसाठी ठीक. इथे कुणी कीर्तनकाराला चॅटमधून प्रश्न विचारत नाही, आणि नॉर्मलमध्ये नेटची छोटी उचकी बघणाऱ्याला जाणवत नाही. डीव्हीआर चालू ठेवा, उशिरा आलेला मागे जाऊन ऐकू शकतो.

ऑटो-स्टॉप बंद करा. तो चालू असला आणि नेट थोडा वेळ गेलं तर यूट्यूब कार्यक्रम संपला असं समजतो. मग नवं पान, नवी लिंक, आणि जुन्या लिंकवर बसलेले लोक गायब. ऑटो-स्टार्टही बंद. सात दिवसांची सात पानं एकाच स्ट्रीम कीवर (ओबीएसला यूट्यूबशी जोडणारा गुप्त कोड) ठेवली असतील तर भलतंच पान सुरू होऊ शकतं. योग्य पान उघडा, प्रिव्ह्यू बघा, स्वतः गो लाइव्ह दाबा.

'मुलांसाठी बनवलेलं' हा पर्याय भक्तीच्या भरात निवडू नका. त्याने चॅट बंद होतं.

सात वेगळ्या लिंका वाटल्या की लोक कालचीच उघडतात. चॅनेलच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत लाइव्ह जोडलं की चालू असलेला कार्यक्रम उघडतो. ही एकच लिंक फ्लेक्सवर आणि ग्रुपवर द्या.

सावधान: स्ट्रीम की म्हणजे चॅनेलची किल्ली. ज्याच्याकडे ती आहे तो तुमच्या चॅनेलवर काहीही दाखवू शकतो. मदत मागताना स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाकला आणि त्यात की दिसली, तर लगेच रीसेट करा.

## टप्पा ८: रंगीत तालीम

आदल्या रात्री, मंडपात, कीर्तनाच्याच वेळेला, पूर्ण तासभर. दृश्यता अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल अशी) ठेवा आणि लिंक फक्त दोघांना पाठवा: एक पुण्या-मुंबईतला, एक गावातलाच पण घरी बसलेला. दोघांनाही टीव्हीवर नव्हे, फोनच्या स्पीकरवर ऐकायला सांगा. बहुतेक लोक तसंच ऐकणार आहेत.

पाच मिनिटांची चाचणी घेऊन खूश होऊ नका. पाच मिनिटांत लॅपटॉप तापत नाही, डेटा संपत नाही, कॅमेरा आपोआप बंद होत नाही. जे बिघडतं ते अर्ध्या तासानंतर.

चाचणी चालू असताना मुद्दाम नेट काढा. ओबीएस स्वतः पुन्हा जोडून घेतो का? मग दुसऱ्या हॉटस्पॉटवर जाऊन बघा. मेन स्विच बंद करून राउटर टिकतो का बघा. हे आज केलं की उद्या हात थरथरत नाहीत.

## टप्पा ९: कीर्तनाची संध्याकाळ

दोन माणसं लागतात. एक लॅपटॉपवर, दुसरा मोकळा: वायर बघणारा, साउंडवाल्याकडे धावणारा. तिसरा लांबचा ऐकणारा, फोनवर. लॅपटॉपवाल्याला प्रसाद वाटायला किंवा महाराजांना हार घालायला पाठवू नका.

साडेआठला प्रिव्ह्यू सुरू करा. त्या वेळी साउंडवाला हमखास एखाद्या प्रसिद्ध गायकाचं भक्तिगीत लावून बसलेला असतो. ते लाइव्हमध्ये गेलं तर यूट्यूबची कॉपीराइट यंत्रणा ते ओळखते. इशारा येऊ शकतो, चित्राच्या जागी पाटी लागू शकते. तुकोबांचे अभंग कुणाच्या मालकीचे नाहीत, पण कंपनीने ध्वनिमुद्रित केलेलं गाणं मालकीचं असतं. तोवर ओबीएसमध्ये 'थोड्याच वेळात' अशी मूक पाटी ठेवा आणि मिक्सरची लाइन म्यूट करा. गायक जागेवर उभे राहिले की लाइन उघडा. लाइन उघडायला विसरणं ही नेहमीची चूक, म्हणून ते काम एकाच माणसाच्या नावावर लावा.

गो लाइव्ह दाबल्यावर लांबच्या माणसाला विचारा: शब्द कळतोय का, पखवाज ऐकू येतोय का, दोन्ही कानांत आहे का? उत्तर यायला थोडा वेळ लागेल, कारण चित्र त्याच्याकडे बरंच मागून पोहोचतं. तोवर बटणं फिरवू नका.

मग ओबीएसच्या खालच्या पट्टीकडे लक्ष ठेवा. ड्रॉप्ड फ्रेमचा आकडा वाढत असेल तर दोष नेटचा. एन्कोडिंग मागे पडल्याची सूचना असेल तर दोष लॅपटॉपचा. दुसरी सगळी सॉफ्टवेअर बंद करा. नेटचा दोष असेल तर स्ट्रीम थांबवा, बिटरेट १५०० करा आणि पुन्हा सुरू करा. ऑटो-स्टॉप बंद असल्यामुळे पान तेच राहतं. यूट्यूबवरचं एंड स्ट्रीम मात्र घाबरून दाबू नका, ते परत फिरत नाही.

चॅटवर एकाला मॉडरेटर नेमा. मंडळाच्या नावाने बनावट खातं काढून 'देणगी या नंबरवर पाठवा' असं लिहिणारे चॅटमध्ये येतात. देणगीचा खरा यूपीआय पत्ता फक्त व्हिडिओखालच्या माहितीत द्या आणि लिंका अडवा. देणगीदारांची यादी मोबाइल नंबरांसकट कॅमेऱ्यासमोर धरू नका.

वीणा सात दिवस अखंड असते म्हणून लाइव्हही अखंड ठेवायची कल्पना कुणाला तरी सुचते. १२ तासांपेक्षा लांब लाइव्हचं रेकॉर्डिंग यूट्यूब पूर्ण जपून ठेवेल याची खात्री नसते. काकडा, हरिपाठ, कीर्तन असे वेगवेगळे कार्यक्रम करा.

## टप्पा १०: संपल्यावर

पसायदान संपून मिनिटभर जाऊ द्या, मग यूट्यूबवर एंड स्ट्रीम, नंतर ओबीएसमध्ये स्टॉप. रेकॉर्डिंगचं बटण वेगळं आहे, तेही बंद करा. ते चालू राहिलं तर रात्रभर मंडप झाडण्याचा आवाज हार्डडिस्क भरून टाकतो.

व्हिडिओ चॅनेलवर लगेच धूसर दिसला तर घाबरू नका, पूर्ण दर्जा यायला वेळ लागतो. सुरुवातीची पाटी यूट्यूब स्टुडिओतल्या एडिटरमध्ये कापता येते. सहा तासांपेक्षा लांब व्हिडिओला मात्र ही सोय चालत नाही. ज्या महाराजांनी फक्त लाइव्हला होकार दिला होता त्यांचा व्हिडिओ त्याच रात्री प्रायव्हेट करा, सकाळवर ढकलू नका.

लॅपटॉपमधली फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि उघडून मधूनच दोन ठिकाणी ऐका. साउंडवाल्याच्या मिक्सरवर ऑक्सच्या बटणांचा फोटो काढून ठेवा, कारण सकाळच्या काकड्याला दुसरा कुणीतरी येऊन सगळी बटणं फिरवणार आहे. डेटा किती उरला ते बघा, पॉवर बँक चार्जिंगला लावा. उद्याच्या पानावर उद्याच्या महाराजांचं नाव घातलंय ना, तेही बघून घ्या.